धागा: अनेक देशांतल्या तरुण संशोधकांचा एकत्रित अभ्यास – प्रशिक्षण, विदा (डेटा), पैसा आणि लेखकांची नावे (प्रत्येक नोंदीवर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे)

कच्चा खर्डा

विकसनशील देशांत सामाजिक शास्त्रांतल्या तरुण संशोधकांसाठी कार्यशाळा पुष्कळ होतात. पाच दिवस व्याख्याने, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रे. वर्षभराने त्यातले फारसे काही उरत नाही, कारण शिकलेले वापरायला हातात चालू अभ्यासच नसतो. याउलट जे मोठे बहुदेशीय प्रकल्प चालतात, त्यांत स्थानिक तरुणांच्या वाट्याला मुलाखती घेणे आणि फॉर्म भरणे एवढेच येते. विश्लेषण आणि लेखन तिसरीकडेच होते. बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलँ हुंतोंजी यांनी ही रचना फार पूर्वी नेमकी दाखवून दिली होती: माहिती गोळा होते इकडे, सिद्धान्त तयार होतात तिकडे.

म्हणून माझे म्हणणे असे, की प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष एकत्रित अभ्यास वेगळे ठेवूच नयेत, आणि ज्याने विदा गोळा केली त्यानेच ती मांडली पाहिजे. यासाठी चालू शकणारा नमुना नैरोबीच्या आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सॉर्शियमने (स्थापना १९८८) घालून दिला आहे. तिथे वर्षातून दोनदा बैठक भरते. एकच संशोधक आधी प्रस्ताव, मग अर्धवट झालेले काम आणि शेवटी अंतिम अहवाल घेऊन त्याच प्रकारच्या परीक्षकांसमोर पुन्हा पुन्हा उभा राहतो. आरोग्य आणि लोकसंख्येच्या क्षेत्रात 'कार्टा' हा आफ्रिकन विद्यापीठांचा गट पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी चार टप्प्यांची लांब चर्चासत्रे घेतो.

चार देश, प्रत्येकी पाच जण, असा वीस जणांचा गट धरला तर आराखडा साधारण असा:

निवडीच्या वेळी प्रत्येकाकडून चार पानी टिपण घ्यायचे. एका संस्थेतून किमान दोघे घ्यायचे. एकटा माणूस परत गेल्यावर विभागाच्या कामात बुडून जातो. पहिली बैठक आठ ते दहा दिवसांची. तिथे संशोधन-प्रश्न, प्रश्नावली आणि रिकामे तक्ते तयार व्हायला हवेत. म्हणजे अंतिम लेखात जे तक्ते येतील त्यांची शीर्षके, ओळी आणि रकाने आधीच आखायचे, फक्त आकडे मोकळे. ज्या प्रश्नाचे उत्तर एकाही तक्त्यात बसत नाही तो प्रश्नावलीतून काढायचा. या एका सवयीने दीड तासाची प्रश्नावली पन्नास मिनिटांवर येऊ शकते. मग सात-आठ महिने क्षेत्रकाम. दुसरी बैठक दोन आठवड्यांची, प्रत्येकाने स्वतःची विदा घेऊन यायचे. तिसरी एका आठवड्याची, फक्त लेखनासाठी. एकूण अठरा ते वीस महिने धरा.

मार्गदर्शक चार-पाच जणांमागे एक, आणि तो तिन्ही बैठकांना तोच हवा. दर वेळी नवा तज्ज्ञ आणला की तो प्रस्तावच नव्याने उसवतो.

नमुना निवड, भाषांतर, परवाने, पैसे, लेखकांचा क्रम यांवर जाणकारांनी भर घालावी.

मोजपट्टी

नमुन्यापासून सुरुवात करतो, कारण बहुदेशीय प्रस्तावांत सर्वांत जास्त वेळा इथेच चूक असते. '३८४ कुटुंबे' हा आकडा सर्रास उचलला जातो. तो ९५ टक्के विश्वासपातळी, पाच टक्क्यांची त्रुटिमर्यादा आणि साधी यादृच्छिक निवड धरून येतो. प्रत्यक्षात आपण आधी गावे निवडतो आणि मग गावातली कुटुंबे. एका गावातली कुटुंबे एकमेकांसारखी असतात, त्यामुळे प्रत्येक जादा मुलाखतीतून मिळणारी नवी माहिती कमी होत जाते.

हिशेब सोपा आहे. गावातल्या कुटुंबांच्या संख्येतून एक वजा करा, त्याला गटांतर्गत सहसंबंधाने (एका गावातली कुटुंबे किती सारखी आहेत हे मोजणाऱ्या आकड्याने) गुणा, आणि एक मिळवा. गावात २० कुटुंबे आणि सहसंबंध ०.०५ असेल तर उत्तर १.९५. म्हणजे ३८४ चे झाले ७४९. दहा टक्के लोक भेटणार नाहीत असे धरले की ८३३, म्हणजे ४२ गावे. गावात दहाच कुटुंबे घेतली तर गुणक १.४५, मुलाखती ६१९, पण गावे ६२. मुलाखती कमी, प्रवास जास्त. वाहनाचा खर्च जिथे भारी तिथे पहिला पर्याय, जिथे मुलाखती लांब तिथे दुसरा. हा निर्णय प्रत्येक देशाच्या गटाने स्वतः आकडे मांडून घ्यावा; पहिल्या बैठकीतला अर्धा दिवस त्यातच जाऊ द्या.

आणखी एक. हा नमुना एका देशाचा आकडा सांगण्यापुरता आहे. दोन देशांतला फरक सांगायचा असेल तर अनिश्चितता वाढून साधारण सात टक्के-बिंदूंवर जाते. अ देशात ३१ आणि ब देशात ३५ टक्के आले, तर त्यावर लेख उभा करता येत नाही.

निवडलेल्या गावात आधी घरांची यादी आणि कच्चा नकाशा करायचाच. तो टाळला की मुलाखतकार रस्त्यालगतची घरे गाठतात, आणि वस्तीच्या टोकाची गरीब घरे नमुन्यातून गळतात. घर बंद असेल तर वेगवेगळ्या वेळी तीन फेऱ्या; शेजारचे घर बदली म्हणून घ्यायचे नाही. मजुरीला गेलेली माणसे दिवसा भेटत नाहीत, आणि शेजारी दिवसा घरी सापडणारा माणूस वेगळ्या वर्गातला असतो.

मुलाखतकारांना प्रति फॉर्म पैसे देऊ नका, दिवसाची मजुरी द्या. प्रति फॉर्म दर ठेवला की मुलाखती आखडत जातात, आणि 'घरात आणखी कोणी कमावते का?' याला 'नाही' नोंदवले की पुढचे सहा प्रश्न वाचतात, हे सगळ्यांना दोन दिवसांत कळते. दहा टक्के घरांत पर्यवेक्षकाने परत जाऊन सहा-आठ न बदलणारे प्रश्न (घरातली माणसे, कुटुंबप्रमुखाचे वय, खोल्यांची संख्या) पुन्हा विचारावेत. पहिल्या तीन दिवसांची विदा त्याच रात्री तपासा. तेव्हा सापडलेली चूक दुरुस्त होते, महिन्यानंतर सापडलेली होत नाही.

आडवा प्रश्न

मोजपट्टींशी पूर्ण सहमत. पण नमुना बिनचूक असूनही तुलना फसते ती व्याख्यांमुळे.

'कुटुंब' म्हणजे काय? एका चुलीवर जेवणारे, एका छपराखाली झोपणारे, की गेल्या बारा महिन्यांतले ठरावीक महिने तिथे राहिलेले? स्थलांतराच्या अभ्यासात तर हाच कणा आहे: शहरात गेलेला मुलगा एका देशाच्या फाइलीत सदस्य म्हणून येतो, दुसऱ्या देशाच्या फाइलीत नाही, आणि मग 'सरासरी कुटुंब' लहान-मोठे दिसते. उपाय असा, की व्याख्येवर भांडत बसू नका. सगळ्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर तीन स्वतंत्र प्रश्न ठेवा: इथे जेवतो का, इथे झोपतो का, बारा महिन्यांत किती महिने इथे होता. नंतर हवी ती व्याख्या विदेतून बांधता येते.

कालगणना तपासा. इथिओपियात तेरा महिन्यांचे वर्ष आहे, ते ग्रेगोरियनपेक्षा सात-आठ वर्षे मागे चालते आणि तासही सूर्योदयापासून मोजतात. तिथला 'एक वाजला' म्हणजे सकाळचे सात. नेपाळात विक्रम संवत सुमारे ५७ वर्षे पुढे. जन्मवर्ष स्थानिक पद्धतीनेच विचारा आणि नोंदवा, रूपांतर नंतर संगणकावर करा. मुलाखतकाराला जागेवर वजाबाकी करायला लावली की वयात एका वर्षाची चूक ठरलेली.

शिक्षणाचेही तेच. 'प्राथमिक पूर्ण' कुठे पाच इयत्ता, कुठे सहा, कुठे आठ. उत्तीर्ण केलेली सर्वांत वरची इयत्ता लिहून घ्या.

भाषांतराबद्दल: भाषांतर करून परत मूळ भाषेत आणून ताडणे ही पद्धत ढोबळ चुका पकडते, पण वाक्य कृत्रिम झाले आहे हे तिला कळत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, तिसऱ्यासमोर बसून एकेका प्रश्नावर निर्णय घ्यावा आणि निर्णयाचे कारण एका ओळीत लिहून ठेवावे. मग प्रत्येक भाषेत आठ-दहा जणांना प्रश्न विचारून 'यातून तुम्हाला काय समजले?' हे विचारा. 'गेल्या आठवड्यात तुम्ही काम केले का?' याला शेतात दिवसभर राबलेली बाई 'नाही' म्हणते, कारण मजुरी मिळत नाही ते काम नव्हे, असा तिचा समज असतो. हे भाषांतराच्या कुठल्याच तपासणीत सापडत नाही.

मोबाइलवर प्रश्नावली भरण्यासाठी कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके वापरणार असाल तर सगळ्या देशांची एकच मूळ एक्सेल फाइल ठेवा. चलांची (व्हेरिएबल्सची) नावे सर्वत्र तीच, लेबलांचे रकाने भाषेप्रमाणे. उत्तरांचे सांकेतिक आकडे कधीही नव्याने क्रमाने लावायचे नाहीत; एखाद्या देशाला जादा पर्याय हवा असेल तर तो ५१ पासून पुढे घालावा. 'माहीत नाही'साठी ९९ वापरू नका, वयाच्या रकान्यात तो खरा आकडा असू शकतो. ऋण आकडे घ्या. आणि सीएसव्ही फाइल थेट दुहेरी क्लिकने एक्सेलमध्ये उघडून साठवू नका: ओळख-क्रमांकातली सुरुवातीची शून्ये जातात, देवनागरी किंवा अम्हारिक अक्षरांचे तुकडे होतात, आणि दोन फाइली जुळवताना निम्म्या ओळी गळून पडतात.

कच्चा खर्डा

आडवा प्रश्न, व्याख्या नंतर बांधायची हे फार उपयोगी आहे. समान गाभा आणि देशनिहाय भाग यांचे प्रमाण किती असावे?

आडवा प्रश्न

माझा अंदाज साठ-चाळीस. चाळीस टक्क्यांवर प्रत्येक गटाचा पूर्ण हक्क हवा, इतरांनी त्यावर मतदान करायचे नाही. गाभा शंभर टक्के केला की प्रत्येक देशाला स्वतःच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचे प्रश्न विचारावे लागतात आणि क्षेत्रकामातला उत्साह तिथेच संपतो.

तिसरी फेरी

कागदपत्रांकडे येतो. हे कंटाळवाणे वाटेल, पण प्रकल्प अडकतात ते इथेच.

नैतिक मान्यता प्रत्येक देशाची वेगळी लागते. एका विद्यापीठाच्या समितीचे पत्र सगळीकडे चालत नाही. त्याखेरीज संशोधन परवाना. केनियात तो नाकोस्टी ही सरकारी संस्था देते, टांझानियात कॉस्टेक, युगांडात राष्ट्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषद. त्यानंतर जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचे पत्र. या सगळ्याला तीन ते सहा महिने धरा. नेहमी होणारी चूक: मान्यता प्रश्नावलीच्या पहिल्या खर्ड्यावर घेतली जाते, चाचणीनंतर वीस प्रश्न बदलतात, आणि सुधारित मान्यता न घेताच क्षेत्रकाम सुरू होते. पुढे नियतकालिकाने पत्र मागितले की तारखा आणि आवृत्ती जुळत नाहीत. मूळ अर्जातच चाचणीचा टप्पा वेगळा दाखवा, आणि दुरुस्तीच्या अर्जासाठी चार आठवडे राखून ठेवा.

पैसा. भारतातली संस्था सहभागी असेल तर विदेशी योगदान नियमन कायदा आधी वाचा. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर मिळालेली परदेशी रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळती करता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही २० टक्क्यांवर आली. म्हणजे 'एका संस्थेकडे सगळे पैसे आणि तिने इतर दोघींना वाटायचे' हा आराखडा तिथे बसत नाही. निधी देणाऱ्याने प्रत्येक संस्थेशी स्वतंत्र करार करावा लागतो, आणि हे प्रस्तावाच्या टप्प्यावरच सांगावे लागते.

परदेशी हस्तांतरणात मधल्या बँका शुल्क कापतात. पाठवणाऱ्याने 'अवर' हा पर्याय निवडला तर शुल्क त्याच्याकडे राहते, 'शेअर्ड' निवडला तर पोचलेली रक्कम करारापेक्षा कमी भरते आणि लेखापरीक्षक तिचे स्पष्टीकरण मागतो. करारात चलन, विनिमय दराची तारीख आणि घसरणीचा तोटा कोणाचा, या तीन गोष्टी स्पष्ट हव्यात.

सर्वांत जाचक अट शेवटच्या हप्त्याची असते. वीस टक्के रक्कम अंतिम अहवालानंतर मिळणार असेल, तर लहान संस्थेकडे तेवढा खर्च आधी करायला पैसाच नसतो. मग कपात होते ती विश्लेषणात आणि लेखनात, कारण क्षेत्रकाम तोवर झालेले असते. म्हणजे कच्चा खर्डा म्हणतात त्या असमानतेचा एक उगम थेट हप्त्यांच्या वेळापत्रकात आहे. तो हप्ता पाच-दहा टक्क्यांवर आणण्यासाठी सुरुवातीलाच भांडा.

समासातली नोंद

तिसरी फेरी यांचा शेवटचा परिच्छेद प्रत्येक निधीसंस्थेने वाचावा असा आहे.

लेखकांच्या नावांबद्दल. पहिल्याच बैठकीत दोन पानांचा करार लिहा, विदा यायच्या आधी. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचे चार निकष आता सामाजिक शास्त्रांतही वापरतात: संकल्पना, विदा किंवा विश्लेषणात भरीव वाटा; लेखन किंवा खर्ड्याची चिकित्सक दुरुस्ती; अंतिम आवृत्तीला संमती; आणि जबाबदारी. यात एक सापळा आहे. क्षेत्रकाम करणाऱ्याला खर्डा दाखवलाच नाही तर तो दुसऱ्या निकषावर आपोआप बाद होतो. म्हणून करारात लिहा: विदा गोळा करणाऱ्या प्रत्येकाला खर्ड्यावर लिहिण्याची संधी मिळेल आणि त्यासाठी किमान तीन आठवडे दिले जातील. लेखात कोणी कोणते काम केले हे नोंदवण्याच्या 'क्रेडिट' या वर्गीकरणात १४ भूमिका आहेत. प्रत्येक लेखासाठी तो तक्ता भरून करारालाच जोडा.

दोन कलमे हमखास विसरली जातात. एक, प्रमुख लेखकाने सहा महिन्यांत खर्डा दिला नाही तर हक्क पुढच्याकडे जाईल. दोन, कोणी नोकरी बदलली किंवा देश सोडला तर त्याच्याकडच्या विदेच्या प्रतीचे काय.

विदेवर पहिला हक्क गोळा करणाऱ्या गटाचा, बारा ते अठरा महिने. नंतर झेनोडोसारख्या ऑनलाइन विदा-भांडारात, नावे-गावे काढून. लहान गावात नाव काढूनही माणूस ओळखू येतो: 'स्त्री, ५८, माजी सरपंच' एवढे पुरेसे असते. वयाचे गट करा, पद वगळा, गावाऐवजी जिल्हा ठेवा. ओळख-क्रमांक आणि नावांची जोडणारी यादी वेगळ्या, कूटबद्ध जागी, आणि ती कधी नष्ट करणार याची तारीख संमतीपत्रातच.

ज्यांच्यावर अभ्यास होतो त्यांचाही हक्क आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजाने २०१७ मध्ये स्वतःची संशोधन-आचारसंहिता जाहीर केली. आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि प्रक्रिया ही तिची सूत्रे. करार लिहिण्यापूर्वी ती सगळ्यांनी मिळून वाचावी.

मोजपट्टी

अठरा महिने मला जास्त वाटतात. विदा उघडी नसेल तर दुसरा कोणी चूक दाखवू शकत नाही, आणि तरुण संशोधकाला त्या तपासणीचाच सर्वांत जास्त फायदा होतो.

समासातली नोंद

तत्त्व मान्य. पण वेगाची तुलना करा. ज्याच्याकडे आठवड्याला सोळा तास शिकवणे आहे त्याला एका लेखाला वर्ष लागते; ज्याच्याकडे दोन सहायक आहेत तो तीच विदा उघडी झाल्यावर दोन महिन्यांत लेख पाठवतो. मधला मार्ग असा: सगळ्या आज्ञावली (विश्लेषणाचे कोड) आणि प्रश्नावली पहिल्या दिवसापासून उघड्या, विदा परीक्षकांना मागणीवर, आणि सर्वांसाठी बारा महिन्यांनी.

मोजपट्टी

बारा मान्य. आज्ञावलींचा विषय निघालाच आहे तर: प्रशिक्षण 'आर' या मोफत सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्ये द्या. सशुल्क सॉफ्टवेअरचा परवाना प्रकल्पाबरोबर संपतो आणि शिकलेले निरुपयोगी होते. मात्र आरचे पॅकेज उतरवायला नीट इंटरनेट लागते, आणि वीस जण एकाच वेळी उतरवू लागले की पहिला दिवस त्यातच जातो. सगळी पॅकेजेस एका पेन ड्राइव्हवर स्थानिक भांडार म्हणून आधीच तयार ठेवा, सर्वांची आवृत्ती एकच ठेवा, आणि विंडोजच्या जुन्या आवृत्तीवर चालवून बघा.

उतारा क्रमांक सात

आतापर्यंत सगळी चर्चा सर्वेक्षणाची झाली. गुणात्मक काम करणाऱ्यांचा हिशेब वेगळा आहे आणि अंदाजपत्रकात तो नेहमी कमी धरला जातो. एका तासाचे ध्वनिमुद्रण अक्षरशः उतरवायला चार ते सहा तास लागतात. भाषांतरही करायचे तर त्याच्या जवळपास दुप्पट. चार देशांत प्रत्येकी तीस मुलाखती म्हणजे निव्वळ उतरवण्याचेच पाचशे-सातशे तास. ते पैसे नसले की उतारे सारांशरूपात येतात, आणि सारांशाचे विश्लेषण म्हणजे सारांश करणाऱ्याच्या मताचे विश्लेषण.

सगळे भाषांतरित करू नका. प्रत्येक देशातले तीन-चार उतारे पूर्ण भाषांतरित करून त्यांवर एकत्र संकेतसूची (मजकुराच्या भागांना लावायच्या विषय-खुणांची यादी) बांधा: संकेताचे नाव, व्याख्या, कधी लावायचा, कधी लावायचा नाही, आणि एक नमुना उतारा. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा, मतभेद तिथेच मिटतात. बाकीचे उतारे मूळ भाषेतच संकेतित करा. दहा ते वीस टक्के उतारे दोघांनी स्वतंत्रपणे संकेतित करून क्रिपेनडॉर्फचा अल्फा (दोघांचे संकेत किती जुळतात याचे माप) काढा, ०.८० च्या वर ठीक, ०.६७ च्या खाली संकेताची व्याख्याच पुन्हा लिहा.

ऑनलाइन बैठकांची वेळ ठरवताना: लिमा, अक्रा, नैरोबी, भारत आणि मनिला यांना एकत्र बसवणारी वेळ म्हणजे जागतिक प्रमाणवेळ १३:००. लिमात सकाळचे आठ, भारतात संध्याकाळचे साडेसहा, मनिलात रात्रीचे नऊ. महिन्यातून एकदा यापेक्षा जास्त ओढू नका.

तिसरी फेरी

एक राहिले होते. निवडपत्र देण्याआधी विभागप्रमुखाकडून लेखी घ्या, की अमुक दोन महिने या व्यक्तीला शिकवण्याचे आणि परीक्षेचे काम नसेल. तोंडी 'बघू' चालत नाही. लहान मूल असलेल्या संशोधिकांसाठी सोबतच्या माणसाचा प्रवास आणि राहणे अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीने दाखवा. ती ओळ नसेल तर त्या अर्जच करत नाहीत. व्हिसाची निमंत्रणपत्रे दहा-बारा आठवडे आधी द्या, आणि विमान जिथे बदलायचे त्या देशाचा पारगमन व्हिसा लागतो का तेही बघा.

कच्चा खर्डा

प्रकाशनाच्या शुल्काचे काय? अनेक नियतकालिके लेखकाकडून भरमसाट पैसे मागतात.

समासातली नोंद

शुल्कमाफी बहुतेक प्रकाशक रिसर्च४लाइफ (कमी उत्पन्नाच्या देशांना संशोधन-साहित्य मोफत किंवा स्वस्तात देणारा उपक्रम) याच्या देशगटांनुसार देतात: साधारणतः 'अ' गटाला पूर्ण, 'ब' गटाला निम्मी. भारत त्या यादीत नाही. पत्रव्यवहार करणारा लेखक यादीतल्या देशाचा असेल तर काही ठिकाणी माफी मिळते. काही प्रकाशक सगळेच लेखक यादीतल्या देशांचे असावेत अशी अट घालतात. लेख पाठवतानाच मागा, स्वीकृतीनंतर सहसा देत नाहीत.

लॅटिन अमेरिकेने याला चांगले उत्तर शोधले आहे. ब्राझीलमधून १९९८ साली सुरू झालेले सायलो आणि मेक्सिकोतले रेडालिक या ऑनलाइन संग्रहांनी विद्यापीठांच्या नियतकालिकांना एकत्र आणले. रेडालिकमध्ये ना वाचकाला पैसे, ना लेखकाला. देशनिहाय लेख तिथे किंवा आपापल्या भाषेत, आणि तुलनात्मक एकच लेख बाहेर, अशी वाटणी करता येते. लेखनाच्या सरावासाठी इनास्प या संस्थेच्या 'ऑथरएड' उपक्रमाचे ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहेत. आठवड्यात स्वीकृती कळवणारे आणि शुल्क नंतर सांगणारे नियतकालिक टाळा. डीओएजे या खुल्या नियतकालिकांच्या यादीत नाव पाहून घ्या.

पहिली पायरी

निधी अजिबात नसेल तर? आम्ही तीन देशांतले पाच पीएचडी विद्यार्थी आहोत.

मोजपट्टी

मग नवी विदा गोळा करू नका. जागतिक बँकेची राहणीमान सर्वेक्षणे, अफ्रोबॅरोमीटरची आफ्रिकेतली जनमत सर्वेक्षणे, इप्युम्सची जनगणना-विदा हे सर्व संशोधनासाठी विनामूल्य आहे; काहींना नोंदणी आणि एका परिच्छेदाचे उद्दिष्ट लिहावे लागते. आरोग्य आणि जनसांख्यिकी सर्वेक्षणांवर एकट्यावर विसंबू नका, २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेचा निधी थांबल्यावर तो कार्यक्रम अडचणीत आला. उतरवलेल्या फाइली आणि प्रश्नावल्या स्वतःकडे साठवून ठेवा.

आधी दोन आठवडे फक्त प्रश्नावल्या वाचा, विदा नाही. तिन्ही देशांत एकच प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला आहे याचा तक्ता करा: चलाचे नाव, प्रश्नाचे शब्द, संदर्भकाळ, कोणाला विचारला, पर्याय. ज्या चलांचा संदर्भकाळ जुळत नाही (एकीकडे सात दिवस, दुसरीकडे बारा महिने) ती बाजूला काढा. उरतील त्यांतूनच प्रश्न निवडा. मग एका प्रसिद्ध लेखातला एक तक्ता तिघांनी आपापल्या यंत्रावर स्वतंत्रपणे पुन्हा काढून बघा, वजने आणि गट लक्षात घेऊन. आकडे जुळले की रिकामे तक्ते आखायला बसा. न जुळल्यास बहुतेक वेळा गाळलेल्या ओळींत फरक असतो. प्रत्येक पायरीनंतर किती ओळी उरल्या ते लिहून ठेवलेत तर तो तासाभरात सापडतो.

पहिली पायरी

धन्यवाद. प्रश्नावल्यांचा तक्ता झाला की इथेच टाकते, जमल्यास संदर्भकाळाचा रकाना एकदा तपासा.